निवळ

चंडीमंदिरला आमची बदली झाली ती २००३ सालच्या ऑक्टोबरात. लष्करातल्या माणसाशी लग्न केलेल्या बाईला गावे घरांवरून आठवतात. अमुक गावी स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, तमुक गावी अंगणात कडुलिंब होता, असे. चंडीमंदिरच्या घराला मागच्या अंगाला जाळीने बंद केलेला लांब व्हरांडा होता आणि त्यातून शिवालिकच्या ठेंगण्या, ठिसूळ टेकड्या दिसत. कालक्याकडे जाणारी गाडी रात्री त्यांच्या पायथ्याने गेली की तिचा आवाज अगदी उशाशी आल्यासारखा वाटे. ज्या चंडीदेवीच्या नावावरून पलीकडच्या चंडीगढला नाव मिळाले तिचे देऊळ तिथून जवळच. पश्चिम कमांडचे मुख्यालय १९८५ साली सिमल्याहून इथे आले आणि देवीचे नाव फौजी पत्त्यांतून देशभर गेले. छावणी आखीव होती. रस्त्याच्या कडेचे दगड एकाआड एक चुन्याने आणि गेरूने रंगवलेले, हिरवळ कातरलेली, वाळलेले पानही तासाभराच्या आत उचललेले.

त्या व्हरांड्यात ह्यांनी हौद बांधला. हौद हा माझा शब्द. पुण्याच्या वाड्यात वाढलेल्या मुलीला दुसरा कोणता सुचणार? ह्यांच्या वहीत त्याचे नाव ‘टँक’ असे होते. आठ फूट लांबीची, प्लायवूडची, समोरून काच लावलेली ती पेटी होती, आणि ती माशांसाठी होती.

आमच्या घरात कोणालाही मासे पाळण्याची हौस नव्हती. माझी माशांची ओळख म्हणजे शाळेच्या सहलीत मरीन ड्राइव्हवर पाहिलेले तारापोरवाला मत्स्यालय. १९५१ साली सुरू झालेल्या त्या इमारतीतल्या अंधाऱ्या बोळातून आम्ही दोन-दोनच्या रांगेने गेलो होतो, आणि मला मासे आठवत नाहीत, काचेला टेकलेले माझे गार नाक आठवते. ह्यांना तर तेवढेही आठवत नव्हते. म्हणून डिसेंबरात एका सकाळी चहा घेताना हे म्हणाले, “माशांचा एक टँक करावा म्हणतो,” तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. त्याआधीच्या दोन महिन्यांत भाजी, पाणी, मुलीचे गुण आणि रेल्वेचे आरक्षण यांखेरीज कशाविषयीही ह्यांनी आपण होऊन काढलेले ते पहिले वाक्य होते.

मागचे थोडे सांगायला हवे. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला आणि काही दिवसांतच ह्यांची रेजिमेंट सरहद्दीवर गेली. ‘ऑपरेशन पराक्रम’ या नावाने ओळखली गेलेली ती तैनाती पुढच्या ऑक्टोबरापर्यंत चालली. युद्ध झाले नाही. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने तिथे तो विषय संपला. परंतु हे इंजिनियर्सचे, आणि इंजिनियर्सचे काम युद्ध न होताही होऊन गेलेले असते. पंजाबच्या सरहद्दीवरच्या शेतांत सुरुंग पेरले गेले होते. मराठीत या क्रियेला आपण ‘पेरणे’ म्हणतो, याचा मी तोवर कधी विचारही केला नव्हता. पेरायला लागलेल्या वेळाच्या कितीतरी पट वेळ ते उचलायला लागला. नकाशे असतात, नोंदी असतात; पण पावसाने माती वाहते, उंदीर जमीन पोखरतात, गवत कमरेपर्यंत वाढते. हे परत आले ते बारा किलो वजन गमावून. बोलत नसत असे नाही. विचारले तर उत्तर मिळे. पण रात्री जाग आली की अंथरूण रिकामे असे, आणि व्हरांड्यात खुर्चीवर बसून हे उजव्या हाताच्या बोटांची पेरे अंगठ्याने मोजत असत. जप करणाऱ्यांतले हे नव्हेत.

मुलगी बारावीसाठी पुण्याला माझ्या आईकडे होती. घरात आम्ही दोघेच. मी एका बदलीत महाविद्यालयातली मराठीची नोकरी सोडली होती, दुसरीत शाळेतली, आणि तिसरीत शोधायचेच सोडून दिले होते. काळ्या लोखंडी ट्रंकांत मावेल तेवढाच संसार करायचा, हा आमच्या जीवनाचा अलिखित नियम. अशा घरात कोणी हलवता न येणारी वस्तू बांधायला घेतो, हे मला त्या वेळी चांगले लक्षण वाटले नाही.

“एवढा मोठा कशाला?” मी विचारले. “काचेचा लहानसा मिळतो की बाजारात.”

“लहान भांड्यातलं पाणी लवकर बिघडतं,” हे म्हणाले. “मोठ्यात चूक पचते.”

वहीत आकडे मांडले गेले. आतली लांबी दोनशे चाळीस सेंटिमीटर, रुंदी पंचाहत्तर, पाण्याची खोली पासष्ट. म्हणजे अकराशे सत्तर लिटर पाणी, सव्वा टनाला थोडे कमी. एवढे वजन पेलायचे म्हणून व्हरांड्याच्या फरशीवर विटांचे दहा खांब, तेही चुना-सिमेंटाशिवाय नुसते रचलेले, कारण सरकारी घराला आपण एक खिळाही ठोकायचा नसतो. पुढच्या बाजूवर पाण्याचा एकूण रेटा सुमारे पाचशे किलोंचा येणार होता. मला वाटत होते, हौद जितका लांब तितका तळाशी दाब जास्त. ह्यांनी समजावून सांगितले की दाब फक्त खोलीवर अवलंबून असतो. पासष्ट सेंटिमीटर खोल पाणी बादलीत असो की तळ्यात, तळाच्या प्रत्येक बोटभर जागेला ते सारखेच ढकलते. लांबीने वाढतो तो एकूण रेटा, आणि त्याचा जोर तळापासून एक तृतीयांश उंचीवर एकवटलेला धरायचा. म्हणून आधाराच्या पट्ट्या खाली जवळ-जवळ आणि वर विरळ. कित्येक महिन्यांनी ह्यांचा आवाज असा सलग ऐकत होते. मी मुद्दाम आणखी दोन प्रश्न विचारले. उत्तरे फारशी समजली नाहीत.

लाकूड आणि पाणी यांचे हाडवैर असताना हौद प्लायवूडचा का, याचेही उत्तर होते. एवढ्या लांबीच्या चारही बाजू काचेच्या करायच्या तर जाड काचेचा खर्च आणि वजन आवाक्याबाहेर जाते. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांशी काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे ते कोणत्याही एका दिशेने सहज फाटत नाही. शिवाय लाकूड ऊब धरून ठेवते, आणि चंडीमंदिरच्या जानेवारीत ही गोष्ट लहान नव्हती. हरियाणातले यमुनानगर हे प्लायवूडचे मोठे केंद्र. तिथून एकोणीस मिलिमीटर जाडीचे तक्ते आले. ते साधे घ्यायचे नव्हते. उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या गोंदाचे, आयएस ७१० हा मानक-क्रमांक छापलेले, ज्याला मरीन ग्रेड म्हणतात ते हवे होते. तो छाप ह्यांनी प्रत्येक तक्त्यावर स्वतः पाहिला.

पिंजोरकडचा एक वृद्ध मिस्त्री कामाला आला. त्याने आराखडा उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “बीबीजी, साहब तो उलटी किश्ती बनवा रहे हैं।” पाणी बाहेर ठेवायचे ते होडीत, आणि इथे आत; बाकी विद्या तीच. त्याने खिळा वापरला नाही, सगळीकडे स्क्रू आणि गोंद. कोपऱ्यांत काचतंतूंच्या कापडाची पट्टी इपॉक्सीत भिजवून बसवली, मग आतून इपॉक्सीचे तीन हात दिले. प्रत्येक हात वाळल्यावर पॉलिश-कागदाने घासायचे, पुसायचे, पुन्हा लावायचे. काच बारा मिलिमीटर जाडीची. ती बाहेरून लावत नाहीत, आतून लावतात, हे मला फार आवडले. समोरच्या फळीला खिडकी कापायची आणि काच तिच्या आतल्या बाजूला सिलिकॉनवर टेकवायची. म्हणजे पाणी तिला जितके ढकलेल तितकी ती चौकटीला अधिक घट्ट बसते. जे फोडायला निघाले आहे त्यालाच धरायच्या कामाला लावायचे. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते. त्या कोरड्या थंडीत त्याला वेळ लागला आणि आठवडाभर सगळ्या घराला शिरक्याचा आंबट वास येत होता.

जानेवारीच्या मध्यास पहिल्यांदा पाणी भरले. फुटण्याची भीती मला होती, ह्यांना पाझरण्याची होती. फुटले तर कळते. पाझर महिनोन्‌महिने कळत नाही आणि लाकूड आतून कुजते. मी घरातली रांगोळी आणली आणि हौदाच्या बुडाशी विटांवरून चारी बाजूंनी एक बारीक रेघ ओढली. थेंबभर ओल आली तरी पांढऱ्यावर काळे उमटणार. ही युक्ती माझी. ह्यांनी ती वहीत तारखेसह नोंदवली. दुसऱ्या दिवशी डाव्या मागच्या कोपऱ्याखाली रुपयाएवढा डाग उमटला. पाणी काढले, वाळवले, पुन्हा इपॉक्सी. तिसऱ्या वेळी रेघ चार दिवस कोरडी राहिली.

पाणी धरणे हा या कामातला सोपा भाग होता. ते जिवंत ठेवणे अवघड.

लहानपणी आमच्या वाड्याच्या हौदात कात्रजचे पाणी यायचे, असे आजी सांगे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तळ्यापासून शहरापर्यंत जमिनीखालून नळ बांधला गेला. त्याच्यावर ठिकठिकाणी उच्छ्वास होते. तिथे पाणी घडीभर थांबे, गाळ खाली बसे, आणि वरचे पुढे जाई. घरी पावसाळ्यात गढूळ पाणी आले की आजी निवळीचे बी सहाणेवर उगाळून हंड्यात ढवळत असे. संस्कृतात याच झाडाला कतक म्हणतात. पाणी कसे निवळते ते बघायला मी हंड्यापाशी बसून राही, पण डोळ्यांना ते कधी होताना दिसले नाही. थोडा वेळ दुसरीकडे जावे लागे. पाणी स्वच्छ करणे म्हणजे त्यातली घाण काढून टाकणे, एवढेच मी त्यातून शिकले होते. हे अर्धेच शिक्षण आहे, हे मला चंडीमंदिरला कळले, आणि फार वाईट रीतीने कळले.

गाळणी म्हणून ह्यांनी हौदाखाली दोनशे लिटरचे प्लॅस्टिकचे पिंप ठेवले. वरून ओसंडणारे पाणी नळीने पिंपात पडे, आधी स्पंजच्या जाड थरातून, मग भाजलेल्या विटांच्या तुकड्यांतून झिरपे, आणि तळाशी ठेवलेले दोन पंप ते पुन्हा वर चढवत. पंप डेझर्ट कूलरचे, चंडीगढच्या बाजारात उन्हाळ्यासाठी घरोघर नेतात ते. पहिल्याच आठवड्यात मध्यरात्री वीज गेली आणि आम्हाला जाग आली ती फरशीवरून वाहणाऱ्या पाण्याच्या आवाजाने. पंप बंद पडताच चढवणाऱ्या नळीतून पाणी उलटे उतरू लागले होते, सायफन. पिंप भरून वाहिले. टॉर्चच्या उजेडात आम्ही दोघे पोती टाकत होतो आणि मला एकाएकी हसू फुटले. ह्यांनी दचकून माझ्याकडे पाहिले आणि मग हेही हसले. दुसऱ्या दिवशी उपाय केला तो एवढाच: नळीला पाण्याच्या पातळीखाली जेमतेम बोटभर अंतरावर एक छिद्र. पाणी तेवढे उतरले की छिद्रातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. दोन महिने बांधलेली वस्तू एका छिद्राने पुरी झाली.

यानंतर जे सुरू झाले त्याने मात्र माझी झोप उडाली. रोज सकाळी हे हौदापाशी जात आणि चिमूटभर माशांचे खाद्य पाण्यात टाकत. हौदात एकही मासा नव्हता. आमचा सहायक दारात उभा राहून पाहत असे आणि नंतर स्वयंपाकघरात येऊन माझ्या चेहऱ्याकडे बघे. पाहुणे विचारत, “मछली कहाँ है?” हे म्हणत, “आयेगी।” दिवसातून एकदा काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकायचे, रंग कागदाशी ताडून बघायचा आणि आकडा वहीत लिहायचा. पहिले तीन आठवडे मी काही बोलले नाही. चौथ्या आठवड्यात पुण्याला आईला फोन करून रडले.

शेवटी मी विचारलेच. ह्यांनी सांगितले ते असे. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि आपल्याकडच्या जड, अल्कधर्मी पाण्यात थोडाही घातक ठरतो. एका जातीचे जीवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, ते मासे बरेच सोसतात. हे जीवाणू विकत आणायचे नसतात. ते हवेत, मातीत, पाण्यात असतातच. त्यांना राहायला जागा लागते, विटेच्या भोकाभोकांतून मिळते तशी, वाहते पाणी लागते, अन्न लागते आणि वेळ लागतो. उबेत चार ते सहा आठवडे, थंडीत जास्त. “मी माशांना खाऊ घालत नाहीये,” हे म्हणाले. “त्यांच्या आधी येणाऱ्यांना घालतोय.” मग वहीतली पाने दाखवली. अमोनियाचा आकडा चढत गेला होता आणि पाचव्या आठवड्यात उतरू लागला होता. नायट्राइटचा अजून चढत होता.

पाडव्याच्या सुमारास तोही उतरला. नायट्रेट दिसू लागले. मग चंडीगढहून मासे आले: चोवीस रोझी बार्ब आणि तीस झेब्रा डॅनिओ. परदेशी, महागडे मासे का नाहीत, असे शेजारच्यांनी विचारले. पण हे दोन्ही आपल्याच नद्यांतले. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्यांची पहिली शास्त्रीय वर्णने केली. उत्तरेची थंडी त्यांना हीटरशिवाय सोसते. रोझी बार्बचे नर वसंतात अंगभर गुलाबी होतात. संध्याकाळचे ऊन व्हरांड्यात तिरपे येई तेव्हा सगळा थवा एकदम वळे आणि हौदाचा रंग पालटे. हे खुर्ची घेऊन तिथे बसत. पेरे मोजणे थांबले होते की मी बघायचे सोडले होते, ते आता सांगता येणार नाही.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी हे मला सुखोमाजरीला घेऊन गेले. पिंजोरच्या डोंगरांतले साधे गाव. चंडीगढचा सुखना तलाव १९५८ साली एका पावसाळी ओढ्याला बांध घालून केला गेला, आणि शिवालिकची मऊ माती पहिल्यापासूनच त्यात येऊन साचू लागली. गाळ काढायला यंत्रे लागली, नागरिकांनी श्रमदान केले, तरी तलाव उथळ होत गेला. हा गाळ येतो कुठून, याचा माग काढीत पी. आर. मिश्रा हे मृदसंधारणाचे शास्त्रज्ञ १९७० च्या दशकात या गावापर्यंत पोचले. उघड्या टेकड्यांवर गुरे चरत होती. गावाला एक लहान मातीचा बांध मिळाला, शेतीला पाणी मिळाले, आणि त्या बदल्यात लोकांनी टेकडीवरची मोकाट चराई थांबवली; गवत, झाडे परत आली, गाळ अडला. देशभरातले अभ्यासक पुढे ते गाव पाहायला येत राहिले. बांधावर उभे राहून हे म्हणाले, “गाळणी इथं आहे. खाली तलावात खोरी घेऊन काही होत नाही.” मी हो म्हटले. ऐकले, असे मात्र म्हणता येणार नाही. पुढच्या दिवाळीत मी जे केले त्यावरून तरी नाही.

नोव्हेंबर २००४. हे पंधरा दिवस युद्धसरावाला गेले होते. दिवाळी बारा तारखेला होती, मुलगी येणार होती, आणि मी घर झाडायला काढले. जळमटे, पंखे, फळ्यांवरची भांडी. सगळे झाल्यावर व्हरांड्यात आले आणि पिंपाचे झाकण उघडले. आत तपकिरी बुळबुळीत लेप होता. स्पंजवर, विटांवर, पिंपाच्या कडांना. वास ओल्या मातीचा. दिवाळीत घरात हे असावे, ही कल्पना मला सहन झाली नाही. सहायकाला हाताशी घेऊन मी विटांचे तुकडे बाहेर काढले आणि नळाखाली एकेक घासून धुतले, लाल, कोरे दिसेपर्यंत. स्पंज तर तीनदा पिळला. छावणीच्या नळाला क्लोरिन असे, आणि सणासुदीला त्याचा वास अधिकच यायचा. एक पोते विटा धुवायच्या राहिल्या, कारण माझी पाठ धरली. त्या तशाच पिंपात टाकल्या. रात्री पंप सुरू करून मी समाधानाने झोपले. एवढी स्वच्छ गाळणी त्या हौदाला कधीच मिळाली नसेल.

तिसऱ्या दिवशी पाणी ताकाच्या निवळीसारखे झाले. चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागले. मी वही उघडली, थेंब टाकले, नळीतला रंग पिवळ्याचा हिरवा झाला. तेव्हा समजले. मी घाण धुतली नव्हती. दहा महिन्यांत येऊन राहिलेले सगळे गाव धुऊन काढले होते. पुढे तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ हौदातले एक तृतीयांश पाणी काढून वाफ्यातल्या मेथीला घालत होते आणि हायपोचे खडे विरघळवून क्लोरिन मारलेले ताजे पाणी भरत होते. खाद्य बंद ठेवले. अठरा मासे मेले. त्यांतले अकरा रोझी बार्ब. मी ते पेरूच्या झाडाखाली पुरले आणि जागेवर पालापाचोळा पसरला. माळ्याने तासाभरात पालापाचोळा उचलून नेला.

हे धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री आले. बूट काढण्याच्या आधी हौदापाशी गेले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात चकल्यांचा सोऱ्या. माझ्या तोंडून काही बाहेर पडेना. ह्यांनी पाण्याकडे पाहिले, मासे मोजले. मोजताना ह्यांचे ओठ हलतात. मग पिंपाचे झाकण उघडून पाहिले.

“मी धुतलं,” मी म्हटले. “सगळं. नळाखाली.”

मी रागाची वाट पाहत होते. राग आला असता तर बरे झाले असते. हे खुर्चीवर बसले. बराच वेळ गेला. कढईखालचा गॅस मी जाऊन बंद करून आले तरी हे तसेच होते.

“त्या शेताचं काम पुरं झालं,” हे म्हणाले, “तेव्हा नकाशातला आकडा आणि उचललेल्यांचा आकडा जुळत होता. मी सही केली. एक तुटलेला दोन जागी दोन तुकड्यांत मिळाला होता, आणि तो दोनदा मोजला गेला होता. मी मोजला होता. आठ दिवसांनी आमच्यातलाच एक पोरगा बांधावरून पाणी आणायला गेला.”

कोणते शेत, कोणता पोरगा, मी विचारले नाही. हे बोलत राहिले. एकवीस वर्षांचा. गुडघ्याखाली. दिवाळीला त्याचे पत्र येते. ते फराळाबद्दल असते, भावाच्या लग्नाबद्दल असते, आणि ह्यांना त्याला काय लिहावे ते सुचत नाही. गेल्या वर्षीच्या पत्राचे उत्तर अजून गेलेले नाही. चौकशी झाली होती. तिथे कोणी दोष दिला नाही.

मी काही बोलले नाही. काय बोलणार? हाताला चकलीचे पीठ लागले होते, ते वाळत होते. थोड्या वेळाने हे उठले, बाही वर केली, पिंपात हात घालून न धुतलेल्या विटांचे पोते चाचपले आणि ते ओढून पाण्याच्या धारेखाली वरच्या थरात आणून ठेवले. “हे राहिलं ते बरं झालं,” म्हणाले. पाडवा-भाऊबीज होईपर्यंत आम्ही दोघे आळीपाळीने पाणी बदलत होतो. मुलगी आली तीही बादल्या उचलू लागली. अकराव्या दिवशी अमोनियाचा आकडा उतरला. त्या पोत्यातल्या विटांवरून ते गाव पुन्हा पसरले असणार. त्याच आठवड्यात ह्यांनी पत्राचे उत्तर लिहिले. मी ते वाचले नाही. तिकीट मात्र मी लावले.

त्यानंतर हे पूर्वीसारखे बोलके झाले, असे लिहिले तर ते खोटे होईल. रात्री अंथरूण रिकामे सापडे. पण मीही उठून व्हरांड्यात जाई आणि दुसरी खुर्ची घेई. पंपाचा आवाज आणि वरून पिंपात पडणाऱ्या पाण्याचा आवाज, एवढेच असे.

२००६ च्या वसंतात बदलीचा हुकूम आला. मी मनात धरले होते की हौदाचे नाव काढताच ह्यांचा चेहरा उतरेल. तसे झाले नाही. वहीत उलट्या क्रमाने कामांची यादी तयार झाली. छावणीतल्या शाळेतील एका विज्ञानशिक्षिकेने मासे मागितले. त्यांच्याकडे काचेचा टँक होता, नवा कोरा. ह्यांनी माशांच्या आधी दोन दिवस विटांची दोन पोती पाठवली, ओली, चिखलासकट, आणि सहायकाला तीनदा बजावले की कोणी त्या धुवायच्या नाहीत. बाई हसल्या असतील. हौदातले उरलेले पाणी पेरूच्या झाडाला घातले.

मग तोच वृद्ध मिस्त्री आला आणि पेटी करवतीने कापली. आतले लाकूड कोरडे होते, हस्तिदंती रंगाचे, काल कापल्यासारखे. फक्त जिथे ओसंडणाऱ्या पाण्यासाठी भोक पाडले होते तिथे कडेला बोटभर काळे पडले होते. भोकाच्या आतल्या कडेला इपॉक्सीचा हात नीट बसला नव्हता. ह्यांनी त्यावर नख दाबून पाहिले. नख आत गेले. “आणखी दोन वर्षं,” हे म्हणाले. मिस्त्री म्हणाला, “साहब, सब ठीक निकला, बस यही एक जगह।” ह्यांनी वहीत त्याचीही नोंद केली.

फळ्या मिस्त्रीने नेल्या. काच आम्ही आणली. साडेसहा फूट लांब, दोन फूट रुंद, छत्तीस किलोंची. गोधडीत गुंडाळून, दोन ट्रंकांच्या मध्ये उभी बांधून ती पुण्याला पोचली. हे निवृत्त झाल्यावर तिला लाकडी पाय लावून टेबल केले, आणि गेली कित्येक वर्षे मी त्यावर लिहिते. दर दिवाळीला त्यावर दोन पत्रे लिहिली जातात, एक माझे पुतणीला आणि एक ह्यांचे. काचेच्या कडेला चारी बाजूंनी सिलिकॉनची काळी, बोटभर रुंद पट्टी अजून आहे. ब्लेडने खरवडून काढायची म्हणते, पण राहून जाते.